गोवर्धनच्या रक्ताची काच

शकुनताई चिडली की अमरावतीच्या त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये कोणाची तोंड उघडायची टाप नव्हती. सव्वीस वर्षं भिंगाखाली बघायच्या रक्ताच्या काचा रंगवून तिची बोटं जांभळी झालेली, जिभेला तर मुळातच धार.

त्या सोमवारी डॉक्टर अश्विननं तिच्यापुढे एक कागद टाकला. भातकुलीकडचा गोवर्धन, झेंडू लावणारा. पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, रक्त कमी, ताप हटत नाही. हाडातला मगज काढायला तीनदा सुई घातली, तर थेंब आला नाही. अश्विननं लिहून टाकलं, 'नमुना मिळाला नाही.'

"नाई मिळाला म्हंजे?" ताई कडाडली. "तीनदा सुई कोरडी आली, आत कायतरी बिघडलं हाय हे सांगाले तेवढं काय कमी हाय? हाडाचा तुकडा काढा! त्या मानसाले तसाच घरी कावून धाडून राहिले?"

"ताई, डॉक्टर मी आहे."

"मंग डॉक्टरावानी वागा!"

अश्विननं तुकडा काढला. ताईनं तो आम्लात ठेवून मऊ केला, पातळ काप काढून रंगवले. चौथ्या दिवशी हाडात परक्या पेशी ठासून भरलेल्या दिसल्या, आणि रक्ताच्या ताज्या काचेत त्याच पेशींच्या कडेला बारीक केस. हेअरी सेल ल्युकेमिया. लाखांत एखाद्याला होणारा रक्ताचा कॅन्सर, पण औषधाला दाद देणारा, वेळेत सापडला तर.

वेळेत! ताईचं डोकं पुन्हा फिरलं. पाच महिन्यांपूर्वी हा माणूस इथंच रक्त तपासायला देऊन गेला होता. मशीननं आकडे छापले, बाहेरच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या, झालं.

"तवा काच कोनं पायली? कोन हाय तो शाना?" म्हणत तिनं जुन्या काचांची पेटी उपसली, काच भिंगाखाली धरली. केसाळ पेशी होत्या. मोजक्याच, पण होत्या. तिनं नोंदवही ओढली. 'काच पाहिली' या रकान्यात सही होती, तिचीच. त्या दिवशी नमुन्यांचा ढीग होता. मशीनचा कागद बघून तिनं ओळीनं सह्या ठोकल्या होत्या.

"जाऊ द्या ताई, कोणाला कळतंय?" अश्विन हळूच म्हणाला.

"चूप बसा!"

गोवर्धनच्या वॉर्डाबाहेर बाकावर त्याची बायको सुभद्रा बसली होती. ताई तिच्यासमोर उभी राहिली.

"बाई, तुमचा मानूस बरा होऊ शकते. पन हे पाच मइन्याआधीच दिसत होतं. म्या काच पायलीच नाई, नुसती सही मारली."

सुभद्रानं मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली.

"पाच मइने म्या त्याले आयतखाऊ म्हनून शिव्या देल्या," ती म्हणाली. "पडून रायते म्हनून. रोज."

ती उठली, ताईचा दंड घट्ट धरला.

"चाल आतमंदी. त्याले तूच सांग."