दोरीला हात

हरेश्वर म्हात्रेसरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. लालबागची खोली विकून आम्ही पेणकरपाड्याला राहायला आलो, त्या दिवशी माझं लग्नातलं लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. शेवटी टेम्पोवाल्यांनी गच्चीवर कप्पी लावून ते दोरीने चढवायला घेतलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं आणि लटकलं. मी खाली उभी राहून देवाचा धावा करत होते. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने स्कूटर लावली, हेल्मेट आमच्या गादीवर ठेवलं आणि कुणाला काही न विचारता दोरी धरली. कपाट वर गेलं. मी "अहो, चहा तरी..." म्हणेपर्यंत स्कूटर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

सोमवारी शाळेत गणिताची बाई म्हणून रुजू झाले, तर हेच गृहस्थ कार्यानुभवाच्या वर्गात मुलांना रंधा मारायला शिकवत होते. कपाटाची आठवण दिली तर म्हणाले, "हां, ते तुमचं होतं काय?" मग हसून त्यांनी आपल्या गावच्या, मुर्ध्याच्या बोलीत आजोबांचं वाक्य ऐकवलं, "दोरी वडताना होरी कोनाची हाय, इचाराचा न्हाय."

हे वाक्य पुढे मी शंभरदा ऐकलं. मुर्ध्याला खाडीच्या उतारावर होडी लागली, की काठावर जो कोणी असेल त्याने उठून दोरीला हात लावायचा, असा रिवाज. होडी आपली असो की वैऱ्याची. सर सांगायचे, "माझा चुलतभाऊ धर्मा आणि मी शेताच्या बांधावरून भांडलो, सात वर्षं बोललो नाही, बाई. पण दोरीवर रोज शेजारी शेजारी. तो ताल धरून ओरडायचा, मी ओढायचो." शाळेतही तेच. झेंड्याची दोरी, स्नेहसंमेलनाचा पडदा, नव्या बाकांचा ट्रक, कुठे काही ओढायचं असलं की म्हात्रेसर हजर. शिपाई वैतागायचे. आम्ही त्यांना दोरीवाले सर म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांच्याकडे वडिलांची शिडाची होडी होती. गावातल्या सगळ्या होड्यांना इंजिनं लागली, पण सरांनी वडिलांचं शीड सोडलं नाही. रविवारी सकाळी दोन तास खाडीत जायचं, परत यायचं. मासे वगैरे काही नाही. मला एकदा हौसेने बसवलं होतं आणि मी त्यांच्या शिडावरच उलटी केली. "खारं पाणी आहे बाई, धुतलं जाईल," एवढंच म्हणाले.

पुढे मात्र सरांचे गुडघे गेले. काठावरची माणसंही कमी होत चालली. पोरं काशीमीऱ्याच्या गोदामात नाहीतर रिक्षावर. गाळ वाढला, आणि चिखलात पडून होडीचा तळ कुजायला लागला. नेमका तेव्हाच उतारापासून शंभर पावलांवर शिडांच्या बोटींचा एक क्लब उभा राहिला. पांढरी इमारत, भोवती पत्र्याचं कुंपण, होडी ओढून घ्यायला विजेचं यंत्र आणि ठेवायला कोरडी शेड. क्लबचे सेक्रेटरी स्वतः सरांच्या घरी आले. "सर, इस एरिया में शीड चालवणारे तुम्हीच उरलाय. मेंबर व्हा. तुम्हाला अर्धी फी."

सर आठवडाभर अस्वस्थ होते. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि म्हणाले, "तुम्ही बाहेरून आलाय, त्यात गणिताच्या. तुम्हाला दोन्ही बाजू दिसतील. लिहा."

मी लिहिलं. मला अशी कामं फार आवडतात, हे आधीच कबूल करते. मिळणार: कोरडी जागा, होडीचं आयुष्य, गुडघ्यांना आराम, लाइफ जॅकेट, आपल्यासारखीच आवड असलेली चार माणसं. जाणार: फी, पांढरे बूट, इंग्रजी बोलणाऱ्यांत बसायचा संकोच. डावी बाजू पानाच्या खालपर्यंत गेली, उजवी तीन ओळींत आटपली. तरी सरांचा पाय निघेना. म्हणून मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले.

वनितावहिनी सुकट निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोरी कोन धरील?"

"वहिनी, तिथे यंत्र आहे," मी म्हटलं.

"ह्यांची यंत्र धरील. गावाची कोन धरील? आईतवारी काठावर हे न्हाय, त मंग हाय कोन?"

सर माझ्याकडे बघत होते. मी ते लिहिलं नाही. खरं सांगायचं तर ते कुठल्या रकान्यात घालायचं हेच मला कळलं नाही. "एका माणसाने काय अडतंय?" असं म्हणून मी पेनाला टोपण लावलं. सर मेंबर झाले.

पहिल्याच रविवारी एका मेंबराची बोट आत येत होती, तेव्हा सर सवयीने दोरीकडे धावले. निळ्या गणवेशातला कामगार नम्रपणे म्हणाला, "साहब, आप मत कीजिए. मेंबर लोग हात नहीं लगाते." सर मला हे हसत सांगत होते, पण हसणं काही जमलं नव्हतं. होडी मात्र सुरेख झाली. तळ बदलला, रंग लागला. मी म्हटलं, बघा, कागद खोटं बोलत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर, वारं पिसाळलेल्या एका रविवारी, धर्माची होडी उतारावर लागली. काठावर तीन म्हातारे आणि दोन बायका. पलीकडून हाका सुरू झाल्या. सर क्लबच्या व्हरांड्यात होते. कुंपणाला मधून वाट नव्हती, फाटकातून वळसा घालायचा. सर धावले. फाटकावर वही होती. आत येताना आणि बाहेर पडताना मेंबराने नाव, वेळ घालून सही करायची, असा नियम. रखवालदाराने वही पुढे केली आणि सर थांबले. तीस वर्षं मस्टरवर सही करून वर्गात जाणारा माणूस तो. त्यांनी चष्मा काढला, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली, सही केली. ते उतारावर पोचले तेव्हा होडी मागे घसरली होती आणि धर्माचा पाय तिच्याखाली होता.

"सही केली मी, बाई," ते मला स्टाफरूममध्ये म्हणाले. "त्याने अडवलं नव्हतं. नुसती वही पुढे केली होती. मी थांबलो."

धर्माचा पाय वाचला, पण वाकडा राहिला. सरांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. "बोलले असते तर बरं झालं असतं," सर म्हणायचे. महिन्याभरात त्यांनी क्लब सोडला आणि एका रविवारी होडी परत गावच्या उतारावर आणली. मी मुद्दाम गेले होते. काठावर सात-आठ माणसं जाळी विणत होती, त्यांत धर्माही. सरांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोरी काठावर फेकली. ती चिखलात पडली. कुणी उठलं नाही. जाळ्यातल्या सुया चालत राहिल्या. मग वनितावहिनींनी दोरी उचलली, मागून मी धरली. आम्ही दोघींनी जीव तोडून ओढलं, होडी तसूभर हलली नाही.

"राहू द्या, बाई," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

होडी तिथेच रुतली. सर त्यानंतर रोज पहाटे काठावर जायचे आणि येईल त्या होडीच्या दोरीला हात लावायचे. त्यांना कुणी नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. आपली होडी काढायला त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "सांगून ओढली तर ती मजुरी झाली."

दोन वर्षांनी सर गेले. हार्ट अटॅक, झोपेतच. तेराव्यानंतर वहिनींनी होडी मोडीत द्यायचं ठरवलं. भंगारवाला उतारावर आला, पण चिखलातून ती वर कशी काढायची हे त्याला कळेना. वहिनींनी कुणालाच बोलावलं नव्हतं. तरी घराघरांतून माणसं आली. धर्मा लंगडत सगळ्यांत पुढे आला आणि त्याने दोरी खांद्यावर घेतली. मी पाठोपाठ गेले, तर दोरीवर हात ठेवायला जागा नव्हती. धर्मा ओरडला आणि एका दमात होडी वर आली. एवढंच होतं ते काम.

भंगारवाला धर्माला म्हणाला, "आपकी बोट है क्या?"

धर्माने कपाळावरचा घाम पुसला. "दोरी वडताना होरी कोनाची हाय, इचाराचा न्हाय."

मग सरांनी दोरी फेकली त्या रविवारी का विचारलंत, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. सरांच्या कपाटात मधोमध रेघ मारलेला तो कागद वहिनींना सापडला होता, त्यांनी तो सकाळीच माझ्या हातात दिला होता. त्यावरचं सगळं अक्षर माझं होतं.