तोळ्याची बंदूक, पाऊण तोळ्याचा खांदा

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला वजन विचारायच्या आधी नाव विचारलेलं नाही, हे मी कुठल्याही देवळात बेलभंडारा उचलून सांगायला तयार आहे. लग्नानंतर कंपनीने मला पुण्याहून एडिनबराला पाठवलं आणि पहिल्याच शनिवारी बायकोने मला तिच्या या मामांकडे नेलं. दीड तासाचा रस्ता, डोंगराच्या पायथ्याशी चिमूटभर गाव, आणि दारात पांढऱ्या मिशांचे मामा. मी वाकून नमस्कार केला. सरळ होतोय न होतोय तोच प्रश्न आला, "वजन किती?" मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर." मामांनी दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, मान न्याहाळली, "आ करा" म्हणाले, आणि आत मामींना ओरडून सांगितलं, "अगं, जावई चांगला मिळालाय. नळी सहज जाईल!" मामा भूलतज्ज्ञ आहेत, तिथल्या हॉस्पिटलात तीस-पस्तीस वर्षं लोकांना झोपवून आणि मुख्य म्हणजे परत उठवून रिटायर झालेत, हे बायकोने मला गाडीतच सांगायला काय हरकत होती? पण नाही. तिला म्हणे माझा चेहरा बघायचा होता.

तशात मामा सांगलीकडच्या सोनाराच्या घरातले. वडिलांचा पितळी काटा त्यांनी विलायतेला येताना कपड्यांत गुंडाळून आणला होता. त्यामुळे माणूस असो की मंगळसूत्र, आधी काट्यावर घाला, मग बोला, असा एकूण खाक्या. बंदुकीच्या परवान्यासाठी घर तपासायला पोलीस अधिकारी आला, तर त्याचं बंदुकीचं लोखंडी कपाट तपासून होईपर्यंत मामांनी त्याचा जबडा बघून घेतला. "तुम्ही रात्री घोरता," त्यांनी निकाल दिला. तो बिचारा चकलीचा तुकडा हातात धरून कबूल झाला. पुढे तो दरवेळी बायकोने घोरण्याबद्दल विचारलेले प्रश्न कागदावर लिहून आणायचा.

हो, बंदूक. जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या या माणसाकडे शिकारीची रायफल होती. ती मूळची शेजारच्या सँडीची. सँडी म्हणजे वरच्या डोंगरातल्या हरणांच्या रानाचा राखणदार; कळप वाढले की ठरलेली हरणं मारायची, हेही त्याचंच काम. आयुष्य त्या उतारांवर पोटावर सरपटण्यात गेलेलं. मामा-मामी या गावात आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांची गाडी बर्फात पुरली गेली. सकाळी बघतात तर एक दांडगा माणूस न सांगता फावड्याने बर्फ उपसतोय. काम झाल्यावर त्याने टोपी नीट केली आणि निघून गेला. तो सँडी. दर ऑक्टोबरात तो गावभर हरणाचं मटण वाटायचा, आणि मामांच्या दारात मात्र बटाट्याचं पोतं ठेवायचा. शाकाहार म्हणजे काय हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. त्याने ते आपलं आपणच बटाट्यापाशी आणून ठेवलं होतं. मामांना त्याने कागदाच्या निशाणावर नेम धरायला शिकवलं, आणि पुढे ती रायफल दोघांच्याही परवान्यावर चढली. मामांनी तिने कागदाशिवाय दुसरं काहीही मारलं नाही.

रायफल शंभरीला टेकलेली. तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली, तेव्हा मामांनी ती घरी भरायला घेतली. वापरलेली पितळी नळकांडी धुवायची, मापात दाबायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी. त्या देशात हे सगळं ग्रेनमध्ये मोजतात. मामा वहीत ग्रेन लिहायचे आणि बोलायचे गुंजांत, कारण गुंज म्हणजे दोन ग्रेनला जरा कमी, आणि तोळा म्हणजे बरोब्बर एकशेऐंशी ग्रेन. "इंग्रजांनी आपलाच तोळा मोजून नेला, जावईबुवा," असं ते मला मिटक्या मारत सांगायचे. रायफलच्या जुन्या गोळीचं वजन तोळ्याला तीन गुंजा कमी. मामी ते ऐकून सुस्कारा टाकायच्या. "लोकांचे नवरे तोळ्यातोळ्याने सोनं बायकोच्या गळ्यात घालतात. ह्यांनी आख्खा जन्म निशाणामागच्या मातीच्या ढिगाऱ्यात तोळे घातले!"

दारू मोजताना घरात कर्फ्यू असायचा. एकदा पन्नासांपैकी एकेचाळीस नळकांडी भरून झाली होती आणि मामींनी दारातून विचारलं, "अहो, चहा टाकू का?" मामांनी डोळे मिटले. मग शांतपणे सगळी एकेचाळीस नळकांडी डब्यात उलटी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "एकात दोनदा पडली असेल तर?" ते मला म्हणाले. "भूल देताना मला कुणी चहा विचारला असता तर चाललं असतं का?" त्या दिवशी चहा सात वाजता मिळाला, आणि तोही मीच केला.

मी आपला कॉम्प्युटरवाला. एकदा उत्साहाने ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेलो आणि म्हटलं, मामा, हे सगळं एक्सेलमध्ये घालू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चपला घालून आलोय. रायफलचा केसपेपर होता त्यांच्याकडे, चक्क हॉस्पिटलच्या फाइलीत. वय: शंभरच्या आसपास. प्रकृती: वयोमानानुसार ठीक. घसा: लांब. ॲलर्जी: हलक्या गोळ्या. मी हसलो, तर मामांनी मला तासभर बसवून समजावलं. ही रायफल लांब, जड गोळीसाठी घडवलेली. गोळी जिथून नळीत शिरते तो घसा तिचा लांब. हलकी गोळी आखूड असते, ती नळीच्या आतल्या पिळाला लागायच्या आधीच लटपटते आणि मग कुठेही जाते. "आणि दारूचं म्हणाल, तर म्हाताऱ्या पेशंटला तरुणाचा डोस द्यायचा नाही. पण कमी म्हणजे सुरक्षित, हाही नवशिक्यांचा गैरसमज. भूल कमी पडली तर पेशंट टेबलावर उठून बसतो."

हे असं सगळं गमतीगमतीत चाललेलं होतं, तोवर सँडी पडला. ओल्या पायरीवरून घसरला आणि उजवा खांदा मोडला. ऐंशीच्या घरातलं हाड. डॉक्टरांनी त्यात खिळे घालून कसंबसं जोडलं. त्याच्या परवान्याची मुदत त्याच हिवाळ्यात संपत होती, आणि तो पुन्हा काढायचा नाही असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. फक्त त्याआधी ऑक्टोबरात, हरणांचा मोसम संपायच्या आत, एकदा डोंगरावर जायचं होतं. स्वतःच्या रायफलीने, एकच नर. दुसऱ्या कुणाची हलकी बंदूक? छे, नावच काढू नका. रानाच्या मालकाने आनंदाने परवानगी दिली, आणि सँडी मामांना म्हणाला, "डॉक्टर, मला दोन-चार काडतुसं भरून दे."

मामा त्या दिवसापासून जेवेनात. मामींनी मला फोन केला, "तुम्ही या बाई, हे भाताची शितं मोजतायत." मी गेलो, तर मामा केसपेपर पुढ्यात घेऊन बसलेले. "जड गोळीला पुरेसा वेग द्यायचा तर दारू ठासून भरावी लागते," ते म्हणाले. "तिचा दणका गाढवाच्या लाथेसारखा. त्या खांद्यातले खिळे हलतील. हळू सोडावी, तर वेग कायद्याला कमी पडतो. त्याखाली हरणावर झाडताच येत नाही, आणि बरोबरच आहे, जनावर अर्धमेलं होऊन पळायचं. हलकी घ्यावी, तर बंदुकीला चालत नाही. बंदूक तोळ्याची आहे, जावईबुवा, आणि खांदा पाऊण तोळ्याचा." मी म्हटलं, "मग सँडीलाच सांगा ना सरळ." "त्याच्यासाठी हलकं केलंय असं कळलं, तर तो डोंगर चढणारच नाही. मी त्याला सांगितलंय, बंदूक म्हातारी झाली, तिचा डोस कमी करतोय." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी मला विचारलं, "तुमचं वजन वाढलंय का?"

मग दर शनिवारी मी आणि मामा चांदमारीच्या मैदानावर. ते पालथे पडून गोळ्या झाडणार, मी छत्री धरून लिहिणार. प्रत्येक बार झाल्यावर ते स्वतःचा खांदा दाबून बघायचे आणि दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे, ते पण लिहायचे. कायद्याच्या अगदी काठावरची हलकी गोळी घेतली, तर कागदावर कुणीतरी कुरमुरे उधळल्यासारखी भोकं. दारू बदलली, तेच. गोळी थोडी वाढवली, बरं. पण असं 'बरं' घेऊन जिवंत जनावरासमोर जायचं नसतं, असं तो अंडं न खाणारा माणूस मला बजावून सांगत होता. सप्टेंबर सरला. शेवटी पाऊण तोळ्याच्या किंचित वरची गोळी आणि जरा लवकर जळणारी दारू, जी कमी घालूनही वेग देते आणि तितकाच दणका कमी करते, असा मेळ बसला. तीन बार झाले. मी कागद आणायला गेलो, आणि तीनही भोकं एका जुन्या रुपयाखाली झाकली गेली. मामांनी भर पावसात छत्रीबाहेर येऊन मला मिठी मारली. दुखण्याचे मार्क: तीन.

सँडीने काडतूस हातात घेतलं, तळहातावर जरा झुलवलं, मामांकडे एकदा पाहिलं आणि खिशात टाकलं. चाळीस-पन्नास वर्षं ज्या हाताने ती काडतुसं चढवली, त्याला वजन कळलं नसेल?

ऑक्टोबराच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे डोंगरावर गेलो. मामांची ही पहिलीच शिकार. दूरवर ओढ्यापलीकडे एक जुना नर उभा होता. सँडी इंचाइंचाने पुढे सरकला, थांबला, श्वास सोडला. मी मामांकडे पाहिलं, मला वाटलं त्यांनी डोळे मिटले असतील. तर ते टक लावून सँडीचा चेहरा बघत होते. ऑपरेशन चालू असताना भूलवाल्याचं लक्ष जखमेकडे नसतं, पेशंटच्या तोंडाकडे असतं, हे मला तेव्हा समजलं. बार झाला. नर दोन पावलं गेला आणि जागच्या जागी बसला, पुन्हा हलला नाही. सँडीचा चेहरा जराही आवळला नव्हता. मामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग, त्या जनावरासाठी, हात जोडले.

सँडीने रायफल रिकामी केली. तिच्या लाकडावरून, जिथे ती खांद्याला लागते तिथे, हात फिरवला. "डॉक्टर," तो म्हणाला, "हिला अजिबात दुखलं नाही बरं का." दोघं म्हातारे गवतात बराच वेळ शेजारी शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गावात मटण वाटलं गेलं, आणि मामांच्या दारात बटाट्याचं पोतं आलं.

सँडी पुढचा उन्हाळा बघून गेला. रायफल आता एकट्या मामांची. मी एकदा म्हटलं, "मामा, आता तोळ्याची गोळी भरा की. तिला तीच आवडते, तुम्हीच म्हणायचात." मामांनी केसपेपर पुढे सरकवला. ॲलर्जीपुढचे शब्द खोडलेले होते आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पाऊण तोळा सोसते. बदलू नये.

यंदाच्या ऑक्टोबरात मामींचा फोन आला. हे रोज सकाळी उठून दार उघडून पायरीकडे बघतात, म्हणाल्या, आणि परत लावून घेतात. मी त्याच शनिवारी बाजारातून दहा किलो बटाटे घेतले आणि निघालो. दार मामांनीच उघडलं. मिशा तेवढ्याच होत्या, सदऱ्यात मात्र मामा मावून जागा उरली होती. का कोण जाणे, नमस्काराच्या आधी माझ्याच तोंडून निघून गेलं, "मामा, वजन किती?"

ते चकित झाले. बहुधा त्यांना हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग मिशीत हसले. "तोळ्याचा होतो हो, जावईबुवा. आता पाऊणवर आलोय." त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि बटाटे ओळखले. मी वाकून नमस्कार केला. सरळ होताना सवयीने हनुवटी वर धरली, पण त्यांची बोटं तिथे आलीच नाहीत. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, आणि मला त्याचं वजन जवळजवळ जाणवलंच नाही.