पौर्णिमेच्या संध्याकाळची सुई

माझी बायको जाऊन दोन वर्षं होत आली. न जेवता स्वतःच्या मनाने इन्सुलिन घेतलं, हट्टीच होती, असं मी डॉक्टरांना सांगितलं, मुलीला सांगितलं, आमच्या गावी अल्लीपूरला भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ते खोटं होतं.

आषाढी पौर्णिमेला ती उपोसथ धरायची. सकाळी पांढरं लुगडं नेसून बुद्धविहारात जायची, बाराच्या आत जेवायची, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त पाणी. त्या वर्षी तिला दोन वेळचं इन्सुलिन नुकतंच लागलं होतं. मुलगी सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला विचारलं तर ती उपोसथच मोडायला लावेल, म्हणून मी मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारलं. नेहमीचा डोस चुकवू नका, असं उत्तर आलं. दर दोन-तीन तासांनी साबुदाणा, भगर, फळं थोडी थोडी खात राहा, असंही पुढे होतं. साबुदाणा आमच्यात कुठला? ते वाक्य दुसऱ्यांच्या उपवासाचं म्हणून मी सोडलं आणि पहिलं धरलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. इतकं स्वच्छ मराठी लिहिणारा चुकीचं सांगेल, असं मनातही आलं नाही.

संध्याकाळी मी सुई भरली, तेव्हा ती म्हणाली, "अवो, पोटात काई नाई तं सुई काऊन?"

"डोस चुकवायचा नाई, असं लिहून हाये."

"मी रातच्याले जेवत नाई, हे त्याले सांगतलं का?"

"मास्तर मी हावो का तू?"

"तुमीच. अख्खा जनम तुमीच," ती हसली आणि पोटावरचा पदर बाजूला केला. सुई मी टोचली.

सकाळी ती उठेना. हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. साखर फार खाली गेली होती. ती शुद्धीवर आलीच नाही. इंजेक्शन कोणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तिनंच घेतलं."

मागच्या महिन्यात मुलगी घरी आली होती. पेशंट मोबाईलवर विचारून येतात, म्हणून ती एकच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत टाकून पडताळून पाहते. उपवासाचा प्रश्न तिने माझ्यासमोर टाकला. मराठीत साबुदाणाच आला. इंग्रजीत त्याने आधी उलट विचारलं, इन्सुलिन कोणतं आहे, संध्याकाळी जेवणार आहात का?

मराठीत मला हे कोणी विचारलंच नाही, असं म्हणायला माझी जीभ उचलली होती. पण बायकोने विचारलं होतं, माझ्यासमोर बसून.

मग मी मुलीला सगळं सांगितलं.

"दोन वर्षं मी आईवर रागावून राह्यली, बाबा," ती म्हणाली. "फोटोपुढं मेणबत्ती लावतानाबी."

मी वाढलेलं ताट तसंच ठेवून ती दुपारच्या बसने गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. ज्यांना मी खोटं सांगितलं त्यांतले काही जण हे वाचतील. निदान त्यांनी तरी माझ्या बायकोला हट्टी म्हणू नये.