छत्रीवाली आणि तिचा भाऊ

माझ्या नणंदेला सगळी गल्ली छत्रीवाली म्हणते. तोंडावर म्हणते. पडदे शिवायला टाकायचे आणि परत घेताना दात काढत विचारायचं, "उघडेल ना गं, छत्रीवाली?" एकोणीस वर्षं हाच विनोद. जीभ झडत नाही मेल्यांची!

ताई अवकाशयानाच्या पॅराशूटच्या घड्या घालायच्या. बारा वर्षं तेच काम. लांबच लांब टेबल, त्यावर नारिंगी कापड, आणि घडी हलू नये म्हणून प्रत्येकीवर वाळूची पिशवी. एकशे चार घड्या झाल्या की कार्डावर सही. नखं वाढवायची नाहीत, अंगठी घालायची नाही, आणि मधेच टेबल सोडलं तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

मग एक यान परत येताना समुद्रात पडलं आणि सापडलंच नाही. आत माणूस नव्हता, नशीब. पण चौकशी समितीला कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच होतं. पॅराशूट उघडलं नसावं, घडी चुकली असावी. असावी! एवढ्या एका शब्दावर बाईला घरी बसवलं. ताईंनी हूं की चूं केलं नाही, आणि त्याचाच मला संताप यायचा. "अहो, भांडा की!" मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, "यान सापडू दे. मग कळेल."

गेल्या महिन्यात ते सापडलं. केबल टाकायला आलेल्या जहाजानं समुद्राच्या तळाशी कॅमेरा सोडला, तर समोर हे धूड. पेपरात फोटो आला. गाळात अर्धं रुतलेलं यान आणि शेजारी पसरलेलं पॅराशूट. पूर्ण उघडलेलं. यानाला जोडणाऱ्या धातूच्या कड्यांपैकी एक तुटली होती, असं खाली लिहिलेलं. ती कडी पास करणारे साहेब केव्हाच बढती घेऊन निवृत्त झालेत.

मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात छापलेले अक्षांश-रेखांश वाचले. ते आकडे मी स्वतःच्या हातानं लिहिले होते.

माझा नवरा, म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ, मासेमारीच्या बोटीचा कप्तान आहे. तळाशी जिथं जाळं अडकतं, ती जागा प्रत्येक कप्तान वहीत टिपून ठेवतो. वही कोणाला दाखवत नाहीत, कारण अशा जागेभोवती मासळी जमते. कोणी विचारलंच तर भलतीकडची जागा सांगायची, ही धंद्याची रीत. नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून वही भिजली की नवी मीच उतरवून देते. चार वह्या झाल्या. चारही वह्यांत ही जागा आहे आणि तिच्यापुढे एकच शब्द: कापड.

तो दाढी करत होता. मी पेपर त्याच्यापुढे आपटला. "कसलं कापड रे?"

आधी उडवाउडवी केली, मग फेस तसाच ठेवून बोलला. यान पडल्यावर दोन महिन्यांनी जाळ्यात नारिंगी कापड आलं, दोऱ्यांसकट. त्यानं ओळखलं आणि कापून सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात यान शोधणारं जहाज बंदराला लागलं. जाळी कुठं अडकतात, असं त्यांनी सगळ्या कप्तानांना विचारलं. ह्यानं नऊ मैल दक्षिणेची जागा सांगितली.

"सगळेच खोटं सांगतात," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर तो पट्टाच बंद केला असता. तिथली मासळी..."

"सगळ्यांची बहीण घरी बसली नव्हती!"

तसाच त्याला ताईंकडे नेला. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी शिवणयंत्र, यंत्रावर तोच पेपर. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आता चपलेनं हाणतील, असं मला वाटलं. मी तर वाटच बघत होते.

ताईंनी एवढंच विचारलं, "तुझ्या जाळ्यात आलं तेव्हा घडीतलं होतं की उघडलेलं?"

"उघडलेलं. ओढत गेलो तर संपेचना."

ताई खुर्चीवर बसल्या.

"त्या यानाच्या पॅराशूटची त्रेसष्टावी घडी घालत होते, तेव्हा ऑफिसात तुझा फोन आला," त्या म्हणाल्या. "मुलगी झाली म्हणून. मी टेबल सोडून धावले. परत आले आणि उलगडलं नाही, तशीच पुढं चालू केली. एकोणीस वर्षं मला वाटत होतं, तीच घडी चुकली. मधे उठला होतात का, असं चौकशीत विचारलं. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर फोन कशाचा ते निघालं असतं, आणि जन्मभर लोकांनी आपल्या पोरीचा पायगुण काढला असता."

नवऱ्याला रडू फुटलं. "ताई, माझं..."

"रडायचं तर खाली जाऊन रड. आणि पुन्हा वर येऊ नकोस."

तो गेला. जिन्यात त्याची पावलं मधेच थांबली, मग पुन्हा उतरू लागली. मी त्याच्या मागे गेले नाही. ताईंनी उठून दार लावून घेतलं.