आबांची शुगर, फोनवरून

वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, डायबिटीस निघाला तेव्हा त्यांची पहिली तक्रार गोड बंद झाल्याची नव्हती, एस.टी.ची होती. आमचं माहेर गगनबावड्याच्या वाटेवर. दर आठवड्याला रक्त तपासायला कोल्हापूरला यायचं म्हणजे दिवस मोडायचा, आणि गुऱ्हाळ सुरू असताना आबा कुणाच्या लग्नालासुद्धा दिवस मोडत नसत.

डॉक्टरांनी सोय सुचवली. शुगर तपासायचं छोटं मशीन घरी ठेवा, सकाळी उपाशीपोटी बोट टोचा, आकडा फोनवर कळवा, इन्सुलिन किती घ्यायचं ते मी सांगतो. दोन हजार सालानंतर ही मशीनं कोल्हापुरात मिळायला लागली होती. मी एक घेतलं आणि आबांना शिकवलं. ते मला फोन करणार, मी डॉक्टरांना. मध्ये मी, कारण आबांना वाटायचं की लांबचा फोन म्हणजे लांब ऐकू जाईल असं बोलायला हवं.

पावसाळाभर छान चाललं. मी डबे भरत असताना फोन वाजायचा. "एकशे अठरा. ठेव." संपलं.

दिवाळी झाली, गुऱ्हाळ पेटलं आणि आकडे चढले. दोनशे चाळीस, मग दोनशे नव्वद. डॉक्टरांनी संध्याकाळचं इन्सुलिन वाढवलं, पुन्हा वाढवलं. आकडा उतरेना.

"आबा, गूळ खाताय?"

"खडा तोंडाला लावला आसंल तर जीभ झडंल माझी."

"काकवी?"

"आगं, न्हाय म्हणलं की!"

"हात धुऊन तपासताय ना? डॉक्टरांनी विचारलंय."

"धुतोय की! चांगलं खळाखळा!"

मग आईनं फोन घेतला. "खात न्हाईत गं त्ये. पण सकाळी घाम फुटतोय, हातपाय कापत्यात."

मी हेही डॉक्टरांना सांगितलं. ते बुचकळ्यात पडले. घाम आणि थरथर ही शुगर कमी झाल्याची लक्षणं, आणि आकडा तर आभाळाला भिडलेला. "कुणीतरी जाऊन बघा," ते म्हणाले, "त्याशिवाय मी डोसला हात लावणार नाही." मला एवढंच दिसत होतं की रसाच्या उकळत्या काहिलीशेजारी, त्या भल्यामोठ्या कढईशेजारी, घेरी येऊन माणूस पडला तर तपासायला काही उरणार नाही. आबा चोरून खात असतील तर यंदापासून त्यांचं गुऱ्हाळ बंद, असं ठरवूनच मी शनिवारी माहेरी मुक्कामाला गेले.

रविवारी उजाडताच गुऱ्हाळावर जाऊन बसले. आबा काहिलीपाशी उभे. गूळ तयार झाला की नाही हे ठरवायचं काम ते कुणावर सोपवत नसत. उकळता पाक थोडासा पाण्याच्या घमेल्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, गोळी कडक लागली की काहील उतरवायची. मी टक लावून बघत होते. गोळी तोंडात गेली नाही, परत काहिलीत गेली. आबांनी त्याच घमेल्यात हात खळाखळा धुतले, टॉवेलला पुसले, घरी आले आणि बोट टोचलं.

तीनशे बारा.

"आता बोल. खाल्लं का मी?" ते म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता. एवढ्या थंडीत कपाळावर घाम.

मी मशीन उचललं आणि ते माझ्या बोटांना चिकटलं.

"आबा, रोज हात कुठं धुता?"

"आत्ता तुज्याम्होरं धुतलं की."

"त्या घमेल्यात? त्यात सकाळपासून पाक पडतोय!"

"मग? पाणीच हाय की त्ये."

त्यांना हाताला धरून मोरीत नेलं. साबण लावून हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. अठ्ठावन्न. इतके दिवस आम्ही आबांच्या बोटांवरचा गूळ मोजत होतो आणि त्यावर इन्सुलिन वाढवत होतो.

मी डॉक्टरांच्या घरी फोन लावला आणि घमेल्यापासून अठ्ठावन्नपर्यंत सगळं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता गोड द्या त्यांना," ते म्हणाले. "घरात गोड काय आहे?"

"डॉक्टर, आमचं गुऱ्हाळ आहे."

पलीकडे ते मोठ्यानं हसले. "तेच द्या. सकाळचं इन्सुलिन घेऊ नका. थोड्या वेळानं पुन्हा तपासा, हात धुऊन. नळाखाली!"

आई उसाचा रस आणायला निघाली, तर आबांनी तिला थांबवलं. "रस नगं. ताजा गूळ आण, गरम. डाक्टर सांगत्यात म्हणल्यावर आता कोण आडीवतंय बघू." आईनं आणला. माझ्या देखत, माझ्या परवानगीनं त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला. थोड्या वेळात घाम थांबला, आवाज परत मूळच्या उंचीला गेला.

"औशिद गुणाचं हाय. रोज चालंल काय, इचार."

"नाही चालणार."

"इचार तरी!"

मी विचारलं नाही. डॉक्टरांनी संध्याकाळचं इन्सुलिन पुन्हा पूर्वीइतकं केलं, आणि गुऱ्हाळ बंद करायचा विषय मी परत काढला नाही. नियम फक्त एक वाढला. फोन मोरीच्या दाराशीच होता, त्यामुळे सोयीचं झालं.

"आबा, नळ ऐकवा."

"आयक." खळाळ.

"साबण?"

"साबनाचा काय आवाज यील गं?"

मागून आई ओरडायची, "लावला, लावला! मी हुबी हाय हितं."

"एकशे चौदा," आबा म्हणायचे. "ठेव."