बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं

"ॲक्यूट लिव्हर इंज्युरी," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे यकृताला अचानक झालेली इजा. कशामुळे, ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं. रिपोर्टवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "घर में कोई काढ़ा, चूर्ण, जड़ी-बूटी चलती है?"

मी म्हणाले, "नाही."

मी खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही. गोळ्या म्हणजे औषध. ओळखीच्या माणसानं जॅमच्या जुन्या बाटलीत भरून दिलेली पावडर औषधात मोडते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या एका शब्दानं आमचे दोन दिवस गेले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तशी बाटली असेल, म्हणून लिहिते आहे.

आजारी होते माझे यजमान, अविनाश. वय चौसष्ट, विमा कंपनीतून निवृत्त. मी बँकेतून. अठरा वर्षांपूर्वी बदलीवर जयपूरला आलो आणि जवाहर नगरात राहिलो ते राहिलोच. सुरुवात साधी होती. त्यांना चहा नकोसा झाला. मग अंगाला खाज. मग लघवी गडद, कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "नवा बल्ब आहे ना, त्याचा उजेड." मीही दोन दिवस बल्बलाच दोष दिला.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारं पिवळं द्रव्य, सतरा निघालं. ते एकच्या आसपास असायला हवं. आयएनआर नावाची दुसरी तपासणी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगते. तो आकडा रोज चढत होता. काविळीचे सगळे व्हायरस तपासले, सगळे निगेटिव्ह. एरवी निगेटिव्ह म्हटलं की बरं वाटतं. इथे प्रत्येक निगेटिव्हनंतर डॉक्टर आणखी एक तपासणी लिहायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आयएनआर असाच वाढला तर दिल्लीला हलवून ट्रान्सप्लांटचा, म्हणजे यकृत बदलण्याचा, विचार करावा लागेल असं सांगितलं. शिवाय रक्तदाब का घसरतोय हेही उमगत नव्हतं.

त्याच राउंडला त्यांनी प्रश्न वेगळा विचारला, आणि या वेळी अविनाशनाच. "अंकल, घुटनों के लिए क्या लेते थे?"

"काकाजी का पावडर," हे लगेच म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास."

काका म्हणजे मुजुमदार काका. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली सहा ओळी आहेत आणि सहाही 'माजी'नं सुरू होतात. त्याआधीच्या वर्षी गणपतीत त्यांना 'सेवाव्रती' म्हणून शाल दिली, ती सांधेदुखीच्या मोफत पावडरीबद्दल. मानपत्र ऐकताना मी अविनाशना कोपरानं ढोसत होते. लग्नपत्रिकेतल्या पदव्यांच्या रांगा वाचून हसणारी मी बाई. आणि पुढच्याच आठवड्यात तीच पावडर मी मधात कालवून यांना देत होते. चौथ्या दिवशी हे कठड्याला न धरता जिना चढले. त्यानंतर मला मानपत्रही फारसं हास्यास्पद वाटेना. मी आणखी तीन बाटल्या मागून घेतल्या आणि तीन घरी वाटल्या. यांची बाटली काका संपेल तशी भरून देत.

दुपारी डॉक्टरांनी उरलेली पावडर आणायला सांगितली. ते ऐकायच्या आधीच, राउंडनंतर वॉर्डातून घरी अंघोळीला गेले तेव्हा, संतापून मी ती सिंकमध्ये ओतून बाटली घासून ठेवली होती. तीच घेऊन गेले.

"धोकर लाई हैं?" डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "मैडम, मुझे बर्तन नहीं चाहिए था."

मग मी काकांकडे गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"काका, पावडरीत काय काय असतं? डॉक्टरांना हवंय."

"वैशालीताई, तुम्ही जाणत्या आहात. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो. आमच्या गुरूंची तशी आज्ञा आहे."

"गुण गेला तर जाऊ दे. माणूस जायला नको."

"शेकडो लोकांना दिलंय मी. निःशुल्क. एकाची तक्रार नाही."

"आता एक आहे."

त्यांनी पेपरची व्यवस्थित घडी केली. "हे डॉक्टर लोक स्वतःचं अपयश आमच्या माथी मारतात. अविनाशरावांना कावीळ आहे ना? त्यावरही आहे माझ्याकडे. थांबा, देतो." आणि ते खरोखरच आत गेले.

मी थांबले नाही. फाटकापाशी पोचते तोच मागून मुजुमदार काकू आल्या. त्यांच्या हातात स्टीलची छोटी डबी होती.

"गुळवेल आमच्या कुंपणावरची. सुंठ, मेथी मी भाजते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि ही काळी भुकटी. जयपूरबाहेर कानोत्याच्या रस्त्याला एक जण तंबू टाकून बसतो, त्याच्याकडून आणतात. तिच्यात काय असतं ते ह्यांनाही ठाऊक नाही."

"विचारलं नाही कधी?"

"विचारलं ना. तो म्हणतो, सांगितलं की गुण जातो."

त्यांनी डबी पुढे केली. त्या म्हणाल्या, "माझेही गुडघे दुखतात हो. मी नाही घेत."

मला त्यांचे आभार मानायचे होते. तेवढ्याच जोरानं विचारायचंही होतं, की तुम्ही घेत नाही हे मानपत्राच्या दिवशी सांगायला काय झालं होतं. मी डबी घेतली आणि रिक्षात बसले.

डॉक्टरांनी डबीतली भुकटी तपासून घेतली. तिच्यात स्टेरॉइड निघालं, आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्यांचा चुरा. स्टेरॉइड म्हणजे सूज झटकन उतरवणारं औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते जीव वाचवतं. महिनोन्‌महिने नकळत पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देतं, आणि ते अचानक थांबलं की रक्तदाब कोसळतो. आम्ही दवाखान्यात आलो तेव्हा पावडर आपोआप थांबली होती. यकृत नेमकं कशानं बिघडलं, गोळ्यांच्या चुऱ्यानं की गुळवेलीनं, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. "गिलोय से भी होता है, सबको नहीं," गुळवेलीबद्दल एवढंच म्हणाल्या. पण निकाल आला त्या संध्याकाळपासून उपचार बदलले. दोन दिवसांनी रक्तदाब सावरला. आठवड्यानं आयएनआर उतरू लागला. दिल्लीचा विषय निघेनासा झाला.

तपासणीचा निकाल सांगतानाच डॉक्टरांनी विचारलं होतं, "और किस-किसको दिया है आपने?"

वॉर्डाबाहेरच्या खुर्चीत बसून मी तीन फोन केले. एकीनं बाटली उघडलीच नव्हती. दुसऱ्या घरी मधात कालवूनही वास आवडला नाही म्हणून पडून होती. आपल्या देण्याची लोकांनी कदर केली नाही याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तिसरी बाटली आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या केतकीला दिलेली, ती इथे आयटीत आहे. तिनं ती नागपूरला आईकडे पाठवली होती, म्हणजे आई इथून परतताना तिच्याबरोबर.

"मावशी, मतलब... आईनं तर संपवली ती," केतकी म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्यात होतं काय?"

मला काकांसारखं गुरूंचं नावही घेता येईना. मी म्हणाले, "मी विचारलं नव्हतं."

तिच्या आईच्या यकृताचे आकडे थोडे चढलेले निघाले. नागपूरच्या डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, महिन्यात उतरले.

अविनाश बावीस दिवसांनी घरी आले. अकरा किलो घटून. आता जिना कठड्याला धरून चढतात, मधल्या पायरीवर थांबतात. यकृत पूर्ववत होईल का, यावर डॉक्टर "देखते हैं" म्हणतात. मला या उत्तराचा राग येत नाही. माहीत नाही हे सरळ सांगणारं माणूस त्या महिन्यात मला तेवढं एकच भेटलं होतं. मंडळाच्या बैठकीत मी उठून सगळं सांगितलं. चार जणांनी माना हलवल्या, एकानं अविनाशची प्रकृती विचारली, आणि पुढचा विषय कोजागिरीचा होता. काका अध्यक्ष आहेतच. आता बाटल्यांवर छापील लेबल असतं: 'शुद्ध आयुर्वेदिक. दुष्परिणाम नाहीत.'

गेल्या महिन्यात केतकीची आई अविनाशना बघायला आली. मला ओशाळलेलं बघून तिनंच धीर दिला. "अहो ताई, मी कुठे पूर्ण घेतली? अर्धीच. अर्धी तर त्या वेळी गाडीतच देऊन टाकली. समोर एक बाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. बिचाऱ्यांना बाथरूमपर्यंत जाववेना. त्यांना चिवड्याच्या पिशवीत बांधून दिली. नको म्हणत होत्या त्या आधी. मी म्हटलं, घ्या हो, आमच्या ओळखीच्या बँकेतल्या बाईंनी दिलंय, भरवशाचं आहे."

नाव विचारलं नव्हतं. भोपाळला उतरल्या, मराठी बोलत होत्या, साठीच्या असतील.

बाई, तुम्हाला चार दिवसांत बरं वाटलं असेल. मग तुम्ही ती घेतच राहिला असाल, किंवा शेजारणीला दिली असेल. उरली असेल तर आजच ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. फेकू नका, तपासायला लागेल. संपली असेल तरी जा आणि स्टेरॉइडचं नाव घ्या. पुढे कुणाला दिली असेल तर त्यांना फोन करा. तुम्ही नको म्हणत होतात. तुम्हाला ज्याच्या जोरावर ती घ्यायला लावली तो भरवसा माझा होता, आणि त्यात मी काहीही तपासून घातलेलं नव्हतं.