रोजचं गिराण

शिरूरच्या एसटी डेपोतल्या सर्जेराव मेकॅनिकची शितल न्यूट्रिनोंवर पीएच.डी. करायला दक्षिणेत गेली, तेव्हा न्यूट्रिनो म्हणजे काय हे डेपोत कुणालाच ठाऊक नव्हतं. सर्जेरावांना तर नव्हतंच, पण ते पेढे वाटून मोकळे झाले. पोरगी सुट्टीला आली की सगळ्यांना समजावून सांगायची. सूर्याच्या गाभ्यात जी भट्टी पेटलेली आहे, तिच्यातून हे कण निघतात. माणसातून, डोंगरातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. उजेडाला त्या गाभ्यातून वर यायला हजारो वर्षं लागतात; हे दोन सेकंदांत बाहेर पडतात आणि आठ मिनिटांत आपल्या अंगणात पोचतात. सूर्याच्या पोटात आज काय चाललंय ते सांगणारे हेच. एखादा मोठा तारा फुटला, तरी त्याच्या उजेडाआधी हेच येऊन पोचतात. ऐकणारे मान डोलवायचे आणि चहा मागवायचे.

हे कण पकडायला तिकडं डोंगराच्या पोटात जी प्रयोगशाळा व्हायची होती, ती झालीच नाही. तिथल्या लोकांना भीती वाटली, की विहिरी आटतील, किरणं लागतील. शितल त्या लोकांवर भयंकर चिडायची. ज्याला पकडायला हजारो टन लोखंड लागतं, तो कण तुमचं काय वाकडं करणार, असं तिचं म्हणणं. तिचं बरोबर होतं. पण बरोबर असून काही होत नसतं. वर्षं सरली, प्रबंध अर्धा राहिला, आणि ती परत आली.

मग कासुर्डीचा दत्ता. गुलछडी आणि झेंडूचा मळा, स्लॅबचं घर, स्वभावानं गरीब. शितल यवतला कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. सासू शेवंताबाईंना सुनेचं कौतुक होतं. मळ्यातल्या बायकांना त्या सांगायच्या, आमची सून सूर्यावर शिकलीय.

पहिला गर्भ दुसऱ्या महिन्यात गेला, दुसरा तिसऱ्यात. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी कारण सापडत नाही म्हणून हात टेकले. कारण नसलं की माणूस वेडापिसा होतो. शेवंताबाईंनी एके संध्याकाळी तिला विचारलं, तू तिकडं नेमकं काय करत होतीस. शितलनं सांगितलं, आणि इथंच बाईनं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. शिकवण्याची खोड, दुसरं काय! सासूचं मन निवावं म्हणून ती म्हणाली की मी काही वेगळं अंगावर घेतलेलं नाही. हे कण सूर्यातून सगळ्यांवरच येतात, नखाएवढ्या जागेतून सेकंदाला अब्जावधी जातात, तुमच्यातून, माझ्यातून, पोटातल्या बाळातूनसुद्धा.

शेवंताबाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

त्यांच्याकडे गिराण कडक पाळतात. ग्रहण लागलं की गरवारशीनं अंधारात बसायचं, काही चिरायचं नाही, तोडायचं नाही, सुईदोऱ्याला हात लावायचा नाही. ते वर्षातनं एखाद्या वेळचं. शितलला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा शेवंताबाईंनी ठरवलं की हिच्यापुरतं रोजच गिराण. सूर्य डोक्यावर असेतोवर तिनं जिन्याखालच्या खोलीत बसायचं. खोलीला खिडकी नाही. फुलांचे रिकामे क्रेट आणि गड्ड्या बांधायचा दोरा तिथं ठेवलेला. तो दोराही त्यांनी उचलून नेला. दत्ता गडबडला, बायकोकडे बघू लागला. त्याला वाटलं होतं ही हसेल, नाहीतर भांडेल.

शितल कॉलेजातून रजा घेऊन आत जाऊन बसली.

आता हिच्यासारखी हीच. ग्रहणात चंद्र आडवा आला, तरी त्या कणांना त्याची फिकीर नसते, हे तिला माहीत. विटांची भिंत काय आणि जिन्याचा स्लॅब काय, त्यांना सगळं मोकळं मैदान. रात्री सूर्य पलीकडे गेला, की तेच कण जमिनीखालून, झोपलेल्या माणसाच्या पाठीतून वर निघतात, तेवढेच. हे सगळं पाठ असणारी बाई सकाळी सूर्य उगवायच्या आत गुपचूप त्या कोंदट खोलीत जायची आणि मावळल्यावर घामानं भिजून बाहेर यायची. पाचवा महिना लागला. बाळ हललं, तेव्हा ती अंधारात एकटीच हसली.

दसऱ्याच्या तोंडावर फुलाला भाव चढला आणि मळ्यातल्या बायका ऐनवेळी दुसरीकडे गेल्या. दत्ता मार्केट यार्डात. शेवंताबाई एकट्या काय काय करणार? त्यांनीच हाक मारली, की थोडा वेळ ये, गड्ड्या तेवढ्या मोजून क्रेटमध्ये लाव. दुपारी शितल ओट्यावर उन्हात बसली. कितीतरी दिवसांनी ऊन अंगावर आलं, ते तिला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात पोटात कळा सुरू झाल्या. दौंडला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीचं तोंड कमजोर होतं, ते वेळेआधी उघडलं. पुढच्या वेळी टाका घालू. या खेपेला कारण सापडलं होतं. पण घरात ते ऐकायला कुणाचे कान जागेवर नव्हते.

शितल घरी आली, तर शेवंताबाई अंथरुणाला खिळल्यासारख्या. जेवत नव्हत्या, बोलत नव्हत्या. दत्तानं हात जोडले, गावातल्या त्यांच्या जावेनं येऊन समजावलं. तिसऱ्या दिवशी शितल भिंत धरत त्यांच्याजवळ गेली आणि खाली बसली.

"मीच तुला उन्हात बसीवलं," शेवंताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मीच खाल्लं लेकरू."

"न्हाई आत्याबाई. पिशवीचं तोंड उघडलं, डॉक्टरांनी सांगितलंय. आन् ते कण उन्हातच असतात असं न्हाई. जिन्याखाली बी तेवढेच व्हते. रात्री तर खालनं, जमिनीतनं येतात. कुठं बी बसले असते, तरी आरपार गेलेच असते, आन् कुणाला काही करत न्हाईत ते."

शेवंताबाईंनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं.

"हे तुला पैल्यापास्नं ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग येवढं दिस त्या अंधारात बसलीस कशापायी? माझं मन राखाया?"

हो म्हटलं असतं तर म्हातारीचा जीव भांड्यात पडला असता. शितलच्या तोंडाशी तेच आलं होतं. पण डोळे भरून आले आणि खोटं बोलायचं तिला सुधरेना.

"न्हाई," ती म्हणाली. "काहीच न पाळता बसायचं मला बी भ्या वाटत व्हतं."